तीन मिनिटांतला ख्याल : नाशिकचे दत्तात्रेय विष्णू पलुस्कर

पलुस्कर हे नाव नाशिककरांना परके नाही. पंचवटीत इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला ते दिलेले आहे आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून ते कधी ना कधी गेलेले असते. मात्र या एका नावाचे धनी दोन आहेत. एक पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. राजदरबारांत आणि ठरावीक घराण्यांत अडकलेले गाणे त्यांनी विद्यालयाच्या वर्गात आणून बसवले. दुसरे त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजेच रसिकांचे डी. व्ही. पलुस्कर आणि जवळच्यांचे बापूराव. २८ मे १९२१ रोजी नाशिक येथे त्यांचा जन्म झाला आणि ऑक्टोबर १९५५ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले.

पित्याच्या कार्याचा विस्तार एवढा मोठा, की पुत्राची ओळख बहुधा गोड गळ्याचा भजनगायक एवढ्यावरच आटोपती घेतली जाते. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. वडिलांनी हिंदुस्थानी संगीतातील बंदिशी कागदावर उतरवल्या. बंदिश मांडून झाल्यावर गाण्यात जे घडते ते मात्र कागदावर उतरत नव्हते. बापूरावांनी ते तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर असे नेमके मांडले, की ख्यालाची रचना समजून घेऊ पाहणाऱ्याला आजही त्याहून सोपा पाठ सापडणे कठीण आहे.

रामनामाच्या छायेत

या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगली परिसरातील पलूस या गावावरून ते पलुस्कर झाले. विष्णुबुवांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांच्या दृष्टीला इजा झाली आणि शालेय शिक्षणाची वाट जवळजवळ बंद झाली. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. १८९६ मध्ये गुरुगृह सोडून ते उत्तरेकडे निघाले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १९०८ मध्ये विद्यालयाची मुंबई शाखा सुरू झाली. पुढे संस्थेवर कर्जाचा डोंगर झाला आणि मुंबईतील वास्तू लिलावात गेली. त्यानंतरच्या काळात विष्णुबुवांचे मन अधिकाधिक रामभक्तीकडे वळत गेले. नाशिक येथे त्यांनी रामनाम आधार आश्रम उभारला. १९३० च्या दांडी यात्रेत देशभर पोहोचलेल्या रामधुनीची चाल त्यांचीच मानली जाते.

अशा आश्रमी वातावरणात बापूरावांचे बालपण गेले. विष्णुबुवांच्या बारा अपत्यांपैकी जगलेले हे एकच मूल. त्यामुळे त्या मुलावर केवळ आई-वडिलांचा जीव नव्हता, तर एका मोठ्या शिष्यपरिवाराच्या आशाही होत्या. पण वडिलांकडून तालीम मिळण्याचा काळ फार थोडा ठरला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णुबुवांनी मिरजेत देह ठेवला तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते. ज्या माणसाने शेकडो गायक-शिक्षक घडवले, त्याच्या स्वतःच्या मुलाचे शिक्षण अर्ध्यावर राहिले होते.

ते पुरे करण्याची जबाबदारी शिष्यांनी उचलली. चुलतबंधू चिंतामणराव पलुस्कर यांचे मार्गदर्शन होतेच. पुढे पुण्यात १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू करणारे पंडित विनायकराव पटवर्धन यांनी त्यांना हाताशी धरले. पंडित नारायणराव व्यास आणि मिराशीबुवा यांचेही संस्कार झाले. विनायकराव लयकारीचे आणि तराण्याचे मातब्बर, तर नारायणराव गोड, चपळ गळ्याचे आणि तबकड्यांच्या जमान्यातील अत्यंत लोकप्रिय गायक. एकाकडून शिस्त आणि दुसऱ्याकडून आटोपशीरपणा असे हे शिक्षण होते.

१९३५ मध्ये जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात चौदा वर्षांच्या बापूरावांनी पहिली मोठी हजेरी लावली. पंजाबात विष्णुबुवांच्या लाहोर येथील वास्तव्यापासून पलुस्कर नावाला मान होता. वडिलांचे नाव अशा ठिकाणी जितके आधाराचे, तितकेच ओझ्याचे. श्रोते मुलाचे गाणे ऐकण्याआधी पित्याची आठवण काढणार, हे ठरलेलेच. त्या मैफलीपासून बापूरावांचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाऊ लागले.

कागदावर मावते ते आणि न मावते ते

बापूरावांच्या गाण्याचे महत्त्व कळण्यासाठी आधी विष्णुबुवांच्या स्वरलिपीची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. त्यांनी तयार केलेल्या लिपीत सप्तके, कोमल-तीव्र स्वर आणि मात्रेचे बारीक विभाग दाखवणाऱ्या खुणा होत्या. या लिपीतील क्रमिक पुस्तकांमुळे बंदिशीची स्थायी आणि अंतरा वर्गातील सर्वांना एकसारखे शिकवणे शक्य झाले. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली चीज छापील पानावर आली, ही त्या काळात क्रांतीच होती. पण ख्याल म्हणजे केवळ स्थायी-अंतरा नव्हे. बंदिश ही चार-सहा ओळींची असते आणि गायक तिच्या आधारे अर्धा तास गातो. तो अर्धा तास पुस्तकात नसतो.

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. हायडन आणि मोझार्ट यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तंतुवाद्यांच्या छोट्या मेळासाठी लिहिलेल्या संगीतात एक रचनापद्धती पक्की होत गेली. तिला पुढे सोनाटा फॉर्म असे नाव मिळाले. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या मेळातील पहिला खंड बहुतेक वेळा याच पद्धतीने बांधलेला असतो. त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात मुख्य कल्पना मांडल्या जातात. दुसऱ्या भागात त्या कल्पना मोडून, फिरवून, निरनिराळ्या स्वरभूमींवर नेऊन त्यांचा विस्तार केला जातो. तिसऱ्या भागात मूळ कल्पना पुन्हा येतात आणि खंड संपतो.

हा नुसता क्रम नाही. त्यात एक ताण आहे आणि त्या ताणाची सोडवणूक आहे. पहिल्या भागात दोन कल्पना असतात. पहिली घरच्या पट्टीत मांडली जाते. दुसरी बहुधा पंचमाच्या पट्टीत, म्हणजे मूळ पंचमालाच षड्ज मानून मांडली जाते. घर सोडून बाहेर पडल्याची जाणीव श्रोत्याला तिथे होते. मधल्या विस्तारात हे भटकणे आणखी वाढते. शेवटच्या भागात मात्र पहिल्या कल्पनेपाठोपाठ दुसरी कल्पनाही घरच्याच पट्टीत येते. जी बाहेर राहिली होती तिलाही घरात घेतले जाते आणि म्हणून शेवट समाधानाचा वाटतो.

मोझार्टने १७८७ मध्ये तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या 'आइने क्लाइने नाख्टम्युझिक' या रचनेचा पहिला खंड याचे सोपे उदाहरण आहे. त्याची सुरुवातीची उसळती धून जाहिरातींतून आणि दूरध्वनीच्या घंटीतून जगभर पोहोचलेली आहे. जी मेजरमध्ये सुरू होणारा हा खंड दुसऱ्या कल्पनेसाठी डी मेजरमध्ये जातो. मधला विस्तार जेमतेम वीस बारांचा आहे. त्यानंतर तीच उसळती धून परतते आणि दुसरी कल्पनाही या वेळी जी मेजरमध्येच ऐकू येते. इतक्या थोड्या जागेतही जाणे, फिरणे आणि परतणे ही तिन्ही कामे पूर्ण होतात, कारण मोझार्टने प्रत्येक गोष्टीला तिच्यापुरतीच जागा दिली आहे.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा, की मोझार्टचा विस्तारही कागदावर आहे. तो वाजवणाऱ्याला आयता मिळतो. ख्यालात मांडणी कागदावर येऊ शकते, पण विस्तार आणि परतणे गायकाने त्या त्या वेळी स्वतः घडवायचे असते. विष्णुबुवांची पुस्तके आराखड्याचा पहिला भाग देत होती. पुढचे दोन भाग ऐकूनच शिकावे लागत. आणि ऐकायचे कोणाचे, हा प्रश्न गुरूपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यापुढे उरतच होता.

ख्यालाचा ताण कुठे असतो?

ख्यालात पट्टी बदलत नाही. तंबोऱ्याचा षड्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत अढळ असतो. मग घर सोडण्याची आणि परतण्याची जाणीव येते कुठून? ती दोन ठिकाणांहून येते.

पहिले ठिकाण सप्तकाचे. स्थायी बहुधा मध्य सप्तकात, त्याच्या खालच्या-मधल्या भागात फिरते. अंतरा वर चढून तार षड्जावर जाऊन ठेपतो. सोनाटातील दुसरी कल्पना पंचमाकडे जाते, तसा इथे अंतरा तार षड्जाकडे जातो. तो पुन्हा उतरत उतरत स्थायीच्या हाती गाणे देतो तेव्हा एक वर्तुळ पुरे होते. दुसरे ठिकाण तालाचे. सोळा मात्रांच्या तीनतालात गायक आलाप, बोल किंवा तान घेत समेपासून दूर जातो आणि मुखडा पकडून पुन्हा समेवर येतो. प्रत्येक आवर्तन म्हणजे एक छोटे प्रस्थान आणि एक छोटी घरवापसी असते. अशा अनेक आवर्तनांची चढती माळ, म्हणजे बढत, हाच ख्यालाचा विस्तार.

ग्वाल्हेर घराण्याची शिस्त इथे फार उपयोगी पडते. या घराण्यात गायक सुरुवातीलाच स्थायी आणि अंतरा दोन्ही स्वच्छ, पूर्ण म्हणून दाखवतो आणि मगच विस्ताराला लागतो. काही घराण्यांत अंतरा उशिरा येतो, तर काही गायक तो गातही नाहीत. ग्वाल्हेरचा गायक मात्र श्रोत्याला आधी संपूर्ण वास्तूचा नकाशा दाखवतो आणि मग एकेका दालनात नेतो. सोनाटाच्या पहिल्या भागाशी ही पद्धत चांगलीच जुळते. नंतर आलाप, बोलआलाप, बोलतान, तान, गमक, लयकारी अशा अंगांनी गाणे पुढे सरकते. या अंगांचा समतोल हेच अष्टांगप्रधान गायकीचे मर्म मानले जाते.

तीन मिनिटांचे गणित

बापूरावांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ मध्ये निघाली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांच्या गाण्याचे मुद्रण झाले तेव्हापासून हिंदुस्थानी गायकांना या मर्यादेशी झगडावे लागत होते. अनेक मोठे गायक या तबकडीला बिचकत. काहींनी तीन मिनिटांत शक्य तेवढ्या तानांची बरसात केली. काहींची स्थायी गाऊन होते न होते तोच तबकडी संपली. विलंबित लयीत एका आवर्तनालाच अर्धा मिनिट लागू शकतो. त्यामुळे बडा ख्याल या तबकडीत नीट बसणे शक्यच नव्हते. उरत होता तो मध्य किंवा द्रुत लयीतील छोटा ख्याल.

त्याचे गणित मांडून पाहावे. तीनतालाची लय मिनिटाला १६० मात्रांची धरली तर सोळा मात्रांचे एक आवर्तन सहा सेकंदांत पुरे होते. तीन मिनिटांत अशी तीस आवर्तने मिळतात. स्थायीच्या ओळी एक-दोनदा फिरवल्या आणि अंतरा म्हटला की त्यातील दहा तरी खर्च होतात. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत मुखड्यावर येऊन गाणे नीट आटोपायचे असते. म्हणजे आलाप, बोल, ताना या सगळ्या विस्ताराला सोळा-सतरा आवर्तने, जेमतेम दीड-पावणेदोन मिनिटे उरतात. त्यात घाई दिसता कामा नये, रागाची ओळख पटली पाहिजे आणि काही सांगायचे राहून गेले असे श्रोत्याला वाटता कामा नये.

बापूरावांच्या तबकड्या नेमक्या या कसोटीला उतरतात. त्यांत मांडणी कधी उरकलेली नसते. बंदिशीचे शब्द स्वच्छ कानी पडतात. रागाचे मुख्य स्वरसमूह सुरुवातीच्या काही क्षणांतच उभे राहतात. मग छोटे आलाप, त्यापाठोपाठ बोलांची गुंफण आणि शेवटी ताना असा चढता क्रम येतो. तानाही दाणेदार, पण आवाजावर ताण न दिसणाऱ्या. प्रत्येक तान मुखड्याला अशी येऊन मिळते, की तीही बंदिशीचाच भाग असावी. वेळ कमी आहे म्हणून एखादे अंग गाळलेले नसते, तर प्रत्येक अंगाचा आकार लहान केलेला असतो. मोठ्या चित्राचा एक तुकडा कापून दिला आहे असे वाटत नाही, सबंध चित्रच लहान आकारात काढलेले दिसते.

श्री आणि गौडसारंग

हे कसब दोन रागांच्या उदाहरणांतून पाहता येते. श्री रागातील त्यांची तीनतालातील भक्तिपर बंदीश असंख्य रसिकांच्या संग्रहात आहे. श्री हा सूर्यास्ताच्या वेळचा, गंभीर प्रकृतीचा राग. त्यात ऋषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र. आरोहात गंधार आणि धैवत वर्ज्य. वादी ऋषभ आणि संवादी पंचम. कोमल ऋषभावरून थेट पंचमावर जाणारी झेप ही या रागाची खूण. हा राग शांतपणे, ठेहरावाने गावा असा संकेत आहे. तो द्रुत लयीत तीन मिनिटांत बसवताना त्याचे गांभीर्य हरवण्याचा धोका मोठा. बापूराव लय चालती ठेवतात, पण ऋषभाचे महत्त्व कुठेही ढळू देत नाहीत. ऋषभ-पंचमाची ती झेप पुनःपुन्हा कानी पडते आणि प्रत्येक विस्तार तिच्याभोवतीच फिरतो. एका छोट्या कल्पनेतून सगळा खंड उभारण्याची हायडनची पद्धत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही काटकसर ओळखीची वाटेल.

गौडसारंगाचा प्रश्न वेगळा आहे. हा दुपारचा राग वक्र चालीचा. त्यात एक पाऊल पुढे टाकले की अर्धे मागे घ्यावे लागते. गंधार, ऋषभ, मध्यम आणि पुन्हा गंधार अशी त्याची मुख्य ओळख. सरळ आरोही-अवरोही तान घेतली की रागच मोडतो. म्हणजे जिथे वेळ कमी आहे, तिथेच वाट वळणावळणाची आहे. बापूरावांच्या गौडसारंगाच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत ही वळणे अडथळा वाटत नाहीत. बंदिशीची चालच वक्र असल्याने तिच्यातून निघालेला विस्तारही त्याच वळणांनी जातो. मांडणीतच विस्ताराचे बीज कसे असते, हे त्यातून लक्षात येते. संगीताच्या विद्यार्थ्याने ही बंदीश आधी स्वरलिपीतून वाचावी आणि मग तबकडी ऐकावी. पुस्तक कुठे थांबते आणि गाणे कुठे सुरू होते, याचे उत्तर त्याला मिळेल.

पडद्यावरची जुगलबंदी

बापूरावांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९५२ च्या 'बैजू बावरा' या चित्रपटामुळे. विजय भट्ट यांचे दिग्दर्शन आणि नौशाद यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात अकबराच्या दरबारी तानसेन आणि बैजू यांचा सामना रंगतो. तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूसाठी बापूरावांचा आवाज योजण्यात आला. पडद्यावर सुरेंद्र आणि भारतभूषण होते. देसी रागातील ही जुगलबंदी हिंदी चित्रपटसंगीतातील एक मानदंड मानली जाते.

त्या वेळी अमीर खाँ चाळिशीचे आणि बापूराव एकतीस वर्षांचे होते. दोघांची गायकी परस्परांहून अगदी भिन्न. अमीर खाँ यांचे मूळ सामर्थ्य अतिविलंबित लयीत स्वरांचे नाना मेळ उलगडण्यात, तर बापूरावांचे बंदिशीच्या बांधणीत. चित्रपटाच्या काही मिनिटांत दोघांनाही आपापल्या स्वभावाला साजेसे आणि तरीही एकाच रचनेत मिळून जाणारे गाणे गायचे होते. संथ सुरुवात, मग स्वरांची देवघेव, मग वाढत जाणारी लय आणि तानांची झुंज असा तिचा चढता आलेख आहे. कथेत बैजू जिंकतो. गाण्यात मात्र दोन आवाजांपैकी कोणीच हरत नाही. तीन मिनिटांच्या तबकडीवर घोटलेला आटोपशीरपणा बापूरावांना इथे उपयोगी पडला, असे म्हणता येते. १९५५ च्या 'शापमोचन' या बंगाली चित्रपटातही त्यांचा आवाज आहे, पण चित्रपटसृष्टीत ते रमले नाहीत. त्यांची मुख्य वाट मैफलीचीच राहिली.

भजनाची मांडणी

आश्रमातील रामनामाचा वारसा त्यांच्या भजनांत उतरला. तुलसीदास, मीराबाई अशा संतकवींची पदे त्यांनी गायिली आणि ती देशभर पोहोचली. या भजनांची लोकप्रियता एवढी, की त्यांच्या ख्यालगायनावर तिची सावली पडली. भजनातही त्यांची रचनेची जाण सुटत नाही. भजनाची बांधणी ख्यालाहून वेगळी असते. धृपद येते, मग कडवे, मग पुन्हा धृपद. पाश्चात्त्य संगीतात याच्याशी जवळीक सांगणारी रचना सोनाटाची नसून मुख्य धून पुनःपुन्हा परतवणाऱ्या रोंडोची आहे. इथे शब्दांचा मान पहिला. बापूराव भजनात तानांचा सोस ठेवत नाहीत. रागाचा आधार घेतात, पण राग दाखवण्यासाठी पदाला वेठीस धरत नाहीत. ख्यालात जो विस्तार हवा तो भजनात नको, हे ओळखणे हीही रचनेचीच समज आहे. विष्णुबुवांनी शास्त्रोक्त गाणे सामान्य माणसापर्यंत नेण्यासाठी भक्तिपदांचा आधार घेतला होता. मुलाने तोच मार्ग अधिक सुरेल केला.

अपुरा राहिलेला विस्तार

१९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर बापूराव चीनला जाऊन आले. देशातील प्रमुख संमेलनांत त्यांचे स्थान पक्के झाले होते. इतर घराण्यांतील जे चांगले दिसेल ते आपल्या गाण्यात सामावून घेण्याची वृत्ती त्यांच्यात होती आणि ग्वाल्हेरची चौकट न मोडता ते ती रुंद करीत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेंदूज्वराने सगळे थांबले. ख्यालगायकाची खरी परिपक्वता चाळिशीनंतर येते, असे मानतात. विनायकराव पटवर्धन १९७५ पर्यंत आणि नारायणराव व्यास १९८४ पर्यंत जगले. ज्या गुरूंनी विष्णुबुवांच्या पोरक्या मुलाला वाढवले, त्यांना त्याच्यामागे दीर्घकाळ राहावे लागले.

नियतीचा आणखी एक खेळ काळाच्या मोजमापात आहे. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे सामावणाऱ्या दीर्घमुद्रिका भारतात रुळण्याआधीच बापूराव गेले. त्यामुळे त्यांच्या विलंबित ख्यालाची जी ओळख आज होते ती मुख्यतः आकाशवाणीच्या आणि मैफलींच्या मुद्रणांवरून. त्यातील काही पुढे दीर्घमुद्रिकांच्या, कॅसेटच्या आणि सीडीच्या रूपाने बाहेर आली. ती ऐकताना लक्षात येते, की छोट्या तबकडीतील आटोपशीरपणा ही केवळ तांत्रिक मर्यादेची तडजोड नव्हती. मोठ्या ख्यालातही तीच प्रमाणबद्धता दिसते. आधी स्वच्छ मांडणी, मग पायरीपायरीने बढत आणि वेळेवर परतणे. वेळ मुबलक असतानाही ते पाल्हाळ लावत नाहीत.

मोझार्टचे वडील लेओपोल्ड हेही शिक्षक होते. मुलगा जन्मला त्याच वर्षी, १७५६ मध्ये, त्यांचे व्हायोलिनवादनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मोझार्टलाही जेमतेम पस्तीस वर्षांचेच आयुष्य लाभले. पण त्याचा विस्तार त्याने कागदावर लिहून ठेवला होता. तो आज जगातील कोणत्याही शहरात चार वादक बसले की पुन्हा जिवंत होतो. बापूरावांच्या बाबतीत तशी सोय नाही. त्यांच्या बंदिशी आजचा विद्यार्थी गाऊ शकतो, पण त्या बंदिशींपुढे त्यांनी काय केले हे तबकडीवर जेवढे उतरले तेवढेच उरले आहे. जे मुद्रित झाले नाही, ते त्यांच्याबरोबर गेले.

२०२१ मध्ये बापूरावांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्यांच्या तबकड्या आज संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर सहज ऐकता येतात आणि सुईच्या खरखरीपलीकडचा तो स्वच्छ आवाज अजूनही तरुण वाटतो. नाशिकमध्ये दरवर्षी अनेक मुले-मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी स्थायी-अंतरा पाठ करतात, वहीत मात्रा मोजून स्वर लिहितात. ती वही विष्णुबुवांच्या परिश्रमांचे फळ आहे. वही मिटल्यावर श्री किंवा गौडसारंगाची ती तीन मिनिटे लक्ष देऊन ऐकली आणि स्थायी कुठे संपली, अंतरा कुठे चढला, विस्तार किती आवर्तनांचा झाला, मुखडा कसा परतला हे बोटांवर मोजले, तर त्याच शहरात जन्मलेल्या गायकाकडून त्यांना पुढचा धडा मिळेल.